धाब्यावरची टिटवी

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या घरात शांतता ऐकू यायची ती फक्त वीज गेल्यावर. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लूमची खाती होती. खातं म्हणजे कारखाना. त्यांची खटाखट भिंतीतून, पाण्याच्या हंड्यातून, जेवायच्या ताटातून सारखी चालू असायची. आम्ही भावंडं त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला शिकलो, म्हणून गावी गेलं की काका विचारायचे, "ही सुरतेची माणसं बोलतात की भांडतात?" बापू स्वतः लूमवर होते. रातपाळी करून सकाळी यायचे, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे आणि त्याच खटाखटीत गाढ झोपायचे. वीज गेली की मात्र दचकून उठायचे आणि विचारायचे, "काय व्हयनं?" अशाच एका वीज गेलेल्या दुपारी, सगळी खाती गप्प असताना, आम्ही आमच्या डोक्यावर पहिल्यांदा टिटवी ऐकली. आईची पोळी तव्यावरच राहिली आणि करपली.

ती का घाबरली, हे कळायला घरात तेव्हा कोण होतं ते सांगायला हवं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घराच्या मालकीणबाई रमिलाबेन, पक्क्या सुरती. वर आमची एक खोली, स्वयंपाकाची पडवी आणि त्यावर धाबं, म्हणजे गच्ची. धाबं हा शब्द आमचाही आणि त्यांचाही, त्यामुळे त्याच्यावरून कधी गैरसमज झाला नाही. रमिलाबेनना वर आणखी एक खोली चढवायची होती, म्हणून तिथे बारीक खडी आणून पसरून ठेवलेली होती आणि एका बाजूचा कठडा बांधायचाच राहिला होता. त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण शोभाताई अमळनेरहून बाळंतपणाला आली होती. तिचं आधीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या वेळी सासरच्यांना तिला तिकडेच ठेवायचं होतं. आईने हट्टाने आणली. भास्करराव, म्हणजे ताईचे मालक, एस.टी.त कंडक्टर. "रजा मिळाली की येतो," असं सांगून गेले ते गेलेच. रोज संध्याकाळी आई दारातून गल्लीच्या तोंडाकडे बघायची. आणि भाकरी एक जास्त थापायची.

आमच्याकडे टिटवी घरावर ओरडली की घरातलं कोणीतरी जाणार, असं मानतात. आई त्यावर कधी वाद घालायची नाही, आणि कोणी घातला तर ऐकायची नाही. "माय व! गर्भार आंडेर घरमा शे, नि ही डोकावर वरडस!" असं म्हणून तिने आंडेरवरून, म्हणजे ताईवरून, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि मला वर पिटाळलं. मी गेले. खडीत काही दिसेना. नीट बघितलं तेव्हा पायापासून हातभर अंतरावर चार अंडी दिसली. रंग खडीचाच, वर काळपट डाग, टोकं आतल्या बाजूला. मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर संपलं होतं. टिटवी माझ्या डोक्यावरून किंचाळत गेली, इतकी जवळून की तिच्या डोळ्यापुढची लाल कातडी आणि लांब पिवळे पाय मला साफ दिसले. मी खाली येऊन अंडी असल्याचं सांगितलं आणि सांगता सांगताच मला कळलं की सांगायला नको होतं. आई म्हणाली, "फेकी दे, इंदी. आते ना आते."

मी फेकली नाहीत. मी काही शूर नव्हते. माझ्या डोक्यात त्या दिवसांत कुसुमबेन भरलेल्या होत्या, एवढंच.

जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी झाडांवर, पक्ष्यांवर गप्पा व्हायच्या. वस्तीतल्या काही हौशी लोकांनी ते सुरू केलं होतं. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा गेले ती पंख्यासाठी आणि शेवटी मिळणाऱ्या खमणासाठी. बोलायला यायच्या त्या कुसुमबेन, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज घोगरा, स्वभाव तापट, आणि हातात एक स्टीलचा डबा. त्या डब्यातून काय निघेल याचा नेम नसायचा. कधी सापाची कात, कधी वटवाघळाने अर्धं खाल्लेलं फळ, कधी नुसता वाळका पाला. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन पानांची एक डहाळी वर धरून सांगितलं, "आ खाखरो." मला हसू फुटलं. माझ्या लेखी खाखरा म्हणजे फरसाणवाल्याच्या बरणीतली गोष्ट. त्यांनी मला उभं केलं. "हसी केम? तुमच्यात याला काय म्हणतात?" मी म्हणाले, "पयस." आमच्या अहिराणीत पळसाचा पयस होतो. त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःच्या तोंडात घोळवून बघितला आणि त्यांना तो आवडला. तेव्हापासून त्या हॉलमध्ये प्रत्येक झाडाला दोन-तीन नावं पडू लागली आणि खान्देशातल्या बाया आल्या की कुसुमबेनची गुजराती त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

पण कुसुमबेनना नावांचं तसं प्रेम नव्हतं. कोणी एखाद्या पक्ष्याचं नाव विचारलं की त्या वैतागायच्या. "नाम पछी! पहेलां जो, ए शुं करे छे." नाव नंतर, आधी बघ ते काय करतंय. एकदा एका मुलाने विचारलं की टिटोडी, म्हणजे टिटवी, पाय वर करून झोपते ना, आकाश पडू नये म्हणून? सगळे हसले. कुसुमबेन नाही हसल्या. "तू पाहिलंस?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, आजी सांगते. "मग आजीला विचार, तिने पाहिलं का." त्यांची ही खोड मला अजून आहे. आता मोबाइलला पक्ष्याचा आवाज ऐकवला की तो लगेच नाव सांगतो, माझा नातू तसं करतो आणि पुढच्या आवाजाकडे वळतो. मी त्याला विचारते, "अरे, पण तो करतोय काय?" त्याला वाटतं, आजीला प्रश्न कळला नाही.

तर अंडी. आईने मला दोन शिव्या दिल्या आणि बापू उठले की त्यांना वर पाठवायचं ठरवलं. तेवढ्यात रमिलाबेन बटाट्याच्या वेफर वाळत घालायला धाब्यावर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अरे जोओ तो! टीटोडीए धाबे ईंडां मूक्यां! आ वरहे तो रेल आववानी!"

आई जिन्यात थबकली. "काय म्हनस ती?"

मी म्हणाले, "टिटवीने गच्चीवर अंडी घातली म्हणजे रेल येणार म्हणते."

"रेल?"

"रेल."

आईच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. तिच्या लेखी रेल एकच होती, भुसावळकडून येणारी, आणि त्या रेलमधून उतरायचं एकच माणूस बाकी होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकत होते, माझी गुजराती गल्लीतली, उसनी. रेल म्हणजे आगगाडी, यात अर्थ लावण्यासारखं मला काही वाटलंच नाही. रमिलाबेन म्हणतात म्हणजे इकडची काहीतरी समजूत असेल, असं मी धरून चालले. आई खोलीत जाऊन ताईला म्हणाली, "जवाईबापू येतीन. रेलमा येतीन. रमिलाबेननी सांगं." आणि टिटवी एका दुपारी यमाच्या घरची होती ती आमच्या घरची झाली.

त्यानंतर आईने त्या अंड्यांची जी राखण केली, तशी आमची कधी केली नसेल. मांजरासाठी जिन्यात काठी ठेवली. मातीच्या कुंड्यात पाणी भरून कोपऱ्यात ठेवलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराच्या आड बसून बघत राहायची, भाजी निवडायची ती तिथेच, लसूण सोलायचा तो तिथेच. मीही शाळेतून आले की तिच्या मागे. आम्ही दोघी एवढा वेळ एका जागी गप्प त्याआधी कधी बसलो नव्हतो. ताईसाठी मी शाळेमागच्या झाडाच्या विलायती चिंचा आणायची, सुरतेत त्याला गोरस आंबली म्हणतात. ताई खाली कॉटवर पडून त्या खायची, बिया माझ्यासाठी ठेवायची आणि विचारायची, "आज काय केलं गं तिनं?" पोटातल्या बाळाची चौकशी सगळे करत होते. टिटवीची चौकशी फक्त ताई करायची. मला वाटतं, तिला स्वतःकडून लक्ष काढायला ते बरं पडत असावं.

रविवार आला आणि आई म्हणाली, मीही येते. ती कधीच आली नव्हती. नवं पातळ नेसली, हॉलमध्ये मागच्या रांगेत बसली आणि कुसुमबेनचं बोलणं संपायच्या आत हात वर न करता सरळ उभी राहिली. तिच्याजवळ होती तेवढी हिंदी आणि गुजराती एकत्र करून तिने विचारलं, "बेन, हमारे धाबे पे टिटवीने ईंडां दिया है. तो रेल कितने दिन में आएगी? जमाई को आना है."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे काका वळून बघायला लागले. "बेन, रेल एटले पूर," ते म्हणाले. "पाणी! तापीनुं पाणी!" आणि त्यांनी उठून भिंतीवर स्वतःच्या छातीच्या वर हात ठेवून दाखवला, त्यांच्या लहानपणी घरात एवढं चढलं होतं म्हणून. मग मात्र हशा पिकला. पुरातून जावई येणार, पोहत येणार का होडीतून, असं कोणीतरी म्हणालं. माझे कान तापले. सुरतेत पुराला रेल म्हणतात हे मला त्या क्षणी कळलं, आणि आईलाही. ती उभीच होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. चांगला शकुन म्हणून जपलेली गोष्ट सगळ्यांसमोर तिच्या हातातून काढून घेतली गेली होती. आता मागे उरली होती ती तिची जुनी टिटवी, घरावर ओरडणारी, आणि खाली कॉटवर ताई.

(पुढे बऱ्याच वर्षांनी सुरतेत खरंच मोठी रेल आली. आम्ही तेव्हा त्याच गल्लीत होतो आणि रमिलाबेनही वर आमच्या खोलीत येऊन राहिल्या होत्या. त्या साली आमच्या धाब्यावर टिटवी फिरकलीसुद्धा नव्हती. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, दुसऱ्या कोणाच्या धाब्यावर घातली असतील.)

कुसुमबेन हसणाऱ्यांवर डाफरल्या. मग आईला म्हणाल्या की रेलची टिटोडीला काय खबर? तिला उघडी, खडीची जागा लागते. खाडीकाठी अशी जागा होती तेव्हा ती तिकडे बसायची, आता तिथे आपली घरं झाली, म्हणून ती आपल्या घरावर आली. मी हे आईला सांगितलं. आईने मान हलवली, पण तिला त्यात काही आधार सापडला नाही. तेव्हा कुसुमबेननी आपला नेहमीचाच प्रश्न विचारला. "तुम्ही रोज बघता ना? मग सांगा, ए शुं करे छे?"

आई बोलायला लागली. अहिराणीतच. मी पुढे गुजरातीत सांगत गेले. "दुपारना ऊनमा ती कोठे तरी जास, पोट वलं करीसन येस, नि अंडासवर बठस. दोन्ही पाळीपाळीनं बठतस, आमना खातामा करतस तसं. एक उठनी की दुसरी." लोक ऐकायला लागले. कुसुमबेन टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि ओरडते कधी?"

"वरडस..." आई थांबली. आठवून आठवून सांगू लागली. "मांजर उनी की वरडस. रमिलाबेन उनी की वरडस. मी गऊ की वरडस. कोनी नही ऱ्हायनं ते गुमान बठस." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पुढचं वाक्य गुजरातीत करायला. ती हळूच, मलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "म्हंजे ती आपलेच भ्यास. इंदी, म्हंजे आपण तिनी टिटवी."

आयुष्यात पुढे मी पोटापाण्यासाठी बरीच भाषांतरं केली, कचेऱ्यांतली, कोर्टातली. पण ते एक वाक्य मला अजून जमलेलं नाही. गुजरातीत टिटोडी म्हणजे पावसाची बातमी आणणारी, तिला कोणी भीत नाही. 'आपण तिची टिटोडी' म्हटलं तर कोणाला काय कळणार? मी तसंच म्हटलं आणि हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. मग मी अडखळत सांगितलं, ही म्हणते, आपण तिच्यासाठी अपशकुन आहोत. कुसुमबेननी डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी खमण उरलं, कारण लोक घोळक्याने आईभोवती उभे राहून टिटवीचं विचारत होते.

घरी येताना मला धाकधूक होती. आता रेलही नव्हती. हिने अंडी फेकायची म्हटली तर मी काय सांगून अडवणार होते? घरी आल्यावर आई वर गेली. मी मागे गेले. तिने धाब्यावरच्या दोरीवरचे कपडे काढले, दोरी सोडली आणि खाली येऊन खिडकीच्या गजांना बांधली. रमिलाबेनना सांगितलं की वेफर आमच्या पडवीत घाला. म्हणजे वर कोणी जायचं कारणच उरलं नाही. तिची भीती एका रविवारी गेली, असं मी म्हणणार नाही. ताईवरून मीठ-मोहऱ्या ओवाळणं चालूच होतं आणि टिटवी ओरडली की तिचा हात अजून छातीवर जायचा. पण आता ती आधी जिन्यात जाऊन बघायची, वर कोण गेलंय ते.

ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बापूंनी रातपाळी करून आलेले असूनही झोप सोडून तिला मांडीवर घेतलं, आणि ती खटाखटीत अशी झोपली की बापू म्हणाले, ही आमचीच. पी.सी.ओ.वरून अमळनेरला निरोप गेला. तिकडून कोण येणार, कधी येणार, काही कळलं नाही. ताई विचारत नव्हती, आणि ती विचारत नव्हती याचंच आईला जास्त लागत होतं.

मग एका सकाळी, दूधवाला नुकता गेला होता, दोन्ही टिटव्यांनी नुसता कल्लोळ मांडला. मी खिडकीतून बघितलं तर त्या धाब्यावर नव्हत्याच. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या राहून आमच्या घराकडे तोंड करून बोलावत होत्या. मी वर धावले. चारांतली तीन अंडी फुटली होती. जिथे कठडा नव्हता तिथे काठावर तीन पिल्लं उभी होती, कापसाच्या बोंडाएवढी, नुसत्या पायांवर. कुसुमबेननी सांगून ठेवलं होतं, हात लावू नका, ती हलकी असतात, उडी मारतील. पहिल्याने मारली. खाली गल्लीत पडलं, निपचित राहिलं, आणि मग उठून चालायला लागलं.

मी ओरडतच खाली गेले. रमिलाबेन केरसुणी घेऊन कुत्र्यांवर धावल्या. आई गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर पडलेला, हात दोन्हीकडे पसरलेले, सायकलवाल्यांना थांबवत. दुसरं पिल्लू पडलं, मग तिसरं. वरून एक टिटवी सगळ्यांच्या टाळक्यावर झेपा घेत किंचाळत होती. घरात नुकतं जन्मलेलं लेकरू, आणि बरोबर घरावर ते ओरडणं. गल्लीतल्या आमच्याकडच्या दोन-तीन बायांनी दारं लावून घेतली.

आणि गल्लीच्या तोंडाशी भास्करराव दिसले. खांद्याला पिशवी, हातात बाळासाठी घेतलेलं काहीतरी. ते रेल्वेने नाही, रात्रभर एस.टी.ने आले होते. टिटवी ऐकून त्यांनी आमच्या धाब्याकडे बघितलं ते मला लांबूनही दिसलं. मग ते जवळजवळ पळतच घराकडे निघाले.

आमच्यात सासू जावयासमोर दाराआडून बोलते, पदर सावरून, अर्ध्या आवाजात. माझी आई, जी इतके दिवस त्याच्यासाठी एक भाकरी जास्त थापत होती, ती भर गल्लीत त्याच्यावर ओरडली, "जवाईबापू! आठेच थांबा! पाय उचलू नका!"

ते जागीच खिळले. टिटवी त्यांच्या टोपीला घासून गेली. त्यांनी विचारलं, "मामी... घरमा सगळं बरं शे ना?"

पिल्लं त्यांच्या दोन्ही बुटांच्या मधून निघाली. एक मध्येच थांबलं, बसलं, पुन्हा उठलं. प्लॉटवरची टिटवी आता ओरडत नव्हती, नुसती बारीक आवाज काढत होती. शेवटचं पिल्लू गवतात शिरेपर्यंत आईने हात खाली घेतले नाहीत. मग तिने पदर डोक्यावर घेतला.

"बरं शे जवाईबापू," ती म्हणाली. "तिना घरमा बी, आपला घरमा बी."